सातव्या घरात कोण राहते?



एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचे पीक मोठे. तेव्हा नववीतील एका मुलाने सोयाबीनच्या सहा कुंड्यांना आपोआप पाणी देणारे यंत्र मांडले होते, यात नवल नव्हते. प्रत्येक कुंडीत ओलावा मोजणारा एक सेन्सर, आणि सहाही सेन्सर आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडलेले. माती जितकी ओली, तितका आकडा मोठा. सहा आकड्यांची सरासरी ४०० च्या खाली गेली की पंप सुरू व्हावा, अशी योजना होती. माती कोरडी ठाक होती, तरी पंप चालेना. मुलाने तारा बदलल्या, पंप बदलला. सारे व्यर्थ! दोष तारेत नव्हता; आज्ञावलीतील एका चिन्हात होता.

एकाच प्रकारच्या अनेक संख्या ओळीने साठविण्याच्या रचनेला ‘ॲरे’ म्हणतात. ती घरांची चाळच समजा. एकच काम पुनःपुन्हा करवून घेणारी आज्ञा म्हणजे ‘लूप’. हा त्या चाळीत दारोदार फिरणारा पोस्टमन. आर्डुइनोची भाषा सी भाषेच्या कुळातली आहे, आणि या कुळात घरांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. सहा घरे असली, तर क्रमांक ० ते ५. हे विचित्र वाटते ना? मग नागपूरचा शून्य मैलाचा दगड आठवा. ॲरेतील क्रमांकही आरंभापासूनचे अंतरच सांगतो. पहिले घर आरंभापासून किती दूर? शून्य! उनोवरील सहा ॲनालॉग जोडण्यांवरही ‘ए०’ ते ‘ए५’ असेच छापलेले असते.

आपल्या या मित्राने ‘क्रमांक ६ पेक्षा लहान असेपर्यंत’ असे लिहिण्याऐवजी ‘लहान किंवा समान असेपर्यंत’ असे लिहिले होते. त्यामुळे लूपच्या सहाऐवजी सात फेऱ्या झाल्या. सातवे घर चाळीत नव्हतेच! पण ही भाषा ते तपासून पाहत नाही. स्मृतीत शेजारी जो आकडा असेल, तो मुकाट्याने उचलते. समजा, सहाही आकडे ३०० आहेत. बेरीज १८००, सरासरी ३००. पंप सुरू व्हायला हवा. पण सातव्या घरातून ९०० आले, तर बेरीज २७००. तिला ६ ने भागले की ४५०. पंप बंद, रोपे तहानलेली! तेथून वाचण्याऐवजी तेथे काही लिहिले, तर शेजारची माहितीच पुसली जाण्याचा धोका. उनोची कार्यस्मृती अवघी २०४८ बाइट. तेथे शेजारी फार दाटीने राहतात.

अटल टिंकरिंग लॅब ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि असे बोर्ड अनेक शाळांत पोहोचले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दिवा लागला की गुण, नाही लागला की गुण नाहीत, अशी परीक्षा घेतली तर मुले तयार आज्ञावली उतरवून घेणारच. माझे स्पष्ट मत असे की, आज्ञावली बोर्डावर चढविण्यापूर्वी वहीत तक्ता करावा : फेरी, क्रमांक, आकडा, बेरीज. निदान पहिली आणि शेवटची फेरी तरी हाताने करून पाहावी. घरांची संख्या एकदाच, एका नावाने लिहावी. ॲरे, लूप आणि भागाकार या तिन्ही ठिकाणी तेच नाव वापरावे. व्हर्नियर हाती घेतल्यावर आपण आधी शून्यांक त्रुटी पाहतो ना? तशीच ही सवय. शिक्षकांनीही या तक्त्याला गुण द्यावेत. ‘वेळ कुठे आहे?’ असे कोणी म्हणेल. तक्त्याला पाच मिनिटे लागतात. तारा बदलण्यात त्या मुलाची अख्खी दुपार गेली होती.

आता एक प्रश्न. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहा तालुक्यांचा पाऊस याच क्रमाने ॲरेत भरला, तर मानोऱ्याचा क्रमांक कोणता? आणि लूप कोठे थांबवाल? उत्तर बोर्डाला विचारू नका. आधी वहीला विचारा.