एक जूनची माणसं

माझा पुतण्या पोळ्याच्या दिवशी जन्मला. १९९१ साल. बैल मारुतीच्या पारापाशी आले होते आणि आमच्या घरात सुईण बसली होती. सहा वर्षांनी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्याचं नाव मीच घातलं. वहिनी म्हणाल्या, "पोळ्याचं लेकरू हाय." मी निळ्या शाईनं लिहिलं, १ जून १९९१. जूनमध्ये शाळा उघडते, पोरगं वयात बसलं पाहिजे. आमच्या चारठाण्यातच काय, गावोगावचे आम्ही मास्तर हेच करत होतो.

तो आता स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असतो. तिथं नव्यानं आलेल्या माणसाला आधी 'पर्सूननुम्मर', म्हणजे ओळखीचा नंबर, काढावा लागतो. १९४७ पासूनची पद्धत. निदान वर्षभर राहणार असाल तर तो मिळतो, आणि देतं ते तिथलं कर खातं. नंबर हाती येईपर्यंत बँकेचं खातं, मोबाईलचं कनेक्शन, सगळीकडं अडतं. पासपोर्ट खरा, नोकरी खरी, तरी माणूस काही आठवडे उंबऱ्याबाहेरच. नंबर आला तेव्हा त्यानं फोनवर वाचून दाखवला. सुरुवातीचे सहा आकडे ९१०६०१. तिथं नंबरात जन्मतारीखच असते, पुढं आणखी चार आकडे. "काका, आता मरेपर्यंत मी एक जूनचाच," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं. दुसऱ्याच्या लेकराचा जन्मदिवस आपण एका रेघेत पुसला, हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

आपल्याकडं एक जून, तसा तिकडं एक जानेवारी. जन्माची नोंदच नसलेल्या मुलखातून आलेल्या अनेकांच्या नावावर ती तारीख पडते. त्या तारखेचे नंबर पुरेनात म्हणून स्वीडनला काहींना शेजारची तारीख द्यावी लागली.

पुतण्याची मुलगी तिथल्याच दवाखान्यात जन्मली. सुईणीनंच कर खात्याला कळवलं आणि नंबर पत्रानं घरी आला. तारीख खरी. आईबापांना कुठं जावं लागलं नाही.

आपल्याकडं जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा. २१ दिवसांत नोंद फुकट होते, वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळा, पासपोर्ट, आधार, सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. हे मला पूर्ण मान्य आहे. मास्तरांची एक जून एकदाची संपली, बरं झालं. पण आमच्या भागातून दिवाळीनंतर कोयता घेऊन टोळ्या जातात, आणि तिकडं उसाच्या फडालगत, कोपीत लेकरं जन्मतात. नोंद होते ती जन्म झाला त्या ठिकाणी. कारखान्याचा पट्टा पडला की टोळी गावाकडं परतते, आणि दाखल्याचं काम दोन-तीन जिल्हे पलीकडं राहून जातं. माझा पुतण्या परक्या देशात जे सोसत होता ते हे लेकरू स्वतःच्या गावात सोसतं. त्याला तर आता एक जूनची वाटही नाही.

टोळीच्या मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, उचल रुपयानिशी लिहिलेली असते. कोपीत जन्मलेलं लेकरू मात्र कुणाच्याच वहीत नसतं. म्हणून माझं मागणं आहे, की गावच्या ग्रामसेवकानं जन्मदाखल्याचा अर्ज गावातच घ्यावा, जन्म झाला तिथल्या निबंधकाकडं त्यानंच पाठवावा आणि दाखला आईच्या हाती गावातच द्यावा. उशिराचा आदेश लागत असेल तर त्याची खेपही सरकारनं घालावी, रोजंदारी बुडवून आईनं नव्हे.

परवा वस्तीवरची एक बाई कडेवर पोरगी घेऊन माझ्या ओसरीवर आली. फडावर झालेली. तारीख विचारली तर म्हणाली, "संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी, किंक्रांतीला." मी कॅलेंडर काढून बघितलं आणि अर्जात लिहिलं, १५ जानेवारी २०२५. लिहिल्यावर तिला दोनदा वाचून दाखवलं.