हिंवाळ्यांतील अंडीं

मार्गशीर्ष उजाडला कीं परसांतील कोंबड्या अंडीं देईनाशा होतात, आणि घरोघर एकच निवाडा ऐकूं येतो : "ही आतां फुकट खाते, कापून टाका." हा निवाडा घाईचा व अन्यायाचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोंबडीचें अंडें घालणें हें बव्हंशीं उजेडावर अवलंबून असतें. प्रकाश तिच्या डोळ्यांवाटेच नव्हे, तर कवटींतूनहि मेंदूपर्यंत पोहोंचतो व तेथून अंडाशयास चालना मिळते. भरपूर अंडीं देण्यास तिला दिवसाकाठीं सुमारें १४ तास उजेड लागतो. डिसेंबरांत आपल्या महाराष्ट्रांतील दिवस मात्र जेमतेम ११ तासांचा. त्यांतच जुनीं पिसें गळून नवीं येण्याचा हा काळ. पिसें बहुतांशीं प्रथिनांचींच बनतात. तेव्हां जें पोषण अंड्यांत जावयाचें, तें पिसांत जातें. अशा कोंबडीस आळशी कसें म्हणावें?

मग उपाय कोणता? पिसें गळत असतां तिला विश्रांति द्यावी. त्या वेळीं दिव्याची सक्ति करणें आम्हांस मान्य नाहीं. नवीं पिसें आल्यावर मात्र खुराड्यांत लहानसा विजेचा दिवा पहाटे लावावा, व ती वेळ थोडथोडी वाढवीत चार वाजेपर्यंत आणावी. सायंकाळीं दिवा लावून तो एकाएकीं मालविल्यास कोंबड्या अंधारांत चांचपडतात. म्हणून पहाटच बरी. उघडा कंदील पेंढ्याजवळ कधींहि ठेवूं नये.

नुसत्या कण्यांवर व कोंड्यावर अंडीं मिळत नाहींत. त्यांच्या जोडीस शेंगदाण्याची ताजी पेंड किंवा सुकट आणि हिरवा पाला द्यावा. अंड्याचें कवच जवळजवळ सर्व चुन्याचें असतें, म्हणून कुटलेले शिंपले निराळ्या भांड्यांत ठेवावे. अंड्यांत सुमारें तीन चतुर्थांश पाणीच असतें. सबब स्वच्छ पाणी दिवसभर हवें. वाऱ्याच्या बाजूस गोणपाट बांधावें, परंतु वरून हवा खेळती राहूं द्यावी. फेब्रुवारी-मार्चांत उबवलेल्या तलंगा बहुधा पहिल्या हिंवाळ्यांत अंडीं देतात. ज्यांस या दिवसांत अंडीं हवींत, त्यांनीं तेव्हांच तजवीज करावी.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप दोन-चार अंड्यांसाठीं कशाला? पुष्कळ घरांतून अंड्यांचे पैसे हेच आईच्या हातचे स्वतःचे पैसे असतात. मुलांच्या वह्या-पेन्सिली त्यांतूनच येतात. माघांत पुन्हां अंडें देणारी कोंबडी मार्गशीर्षांत कापणें म्हणजे तो झरा आपल्याच हातानें बुजविणें होय. वय झालेल्या कोंबडीचीं अंडीं वर्षागणिक कमी होतात, हें खरें. तिचा विचार घरच्या वडील मंडळींनीं करावा. परंतु तरुण कोंबडीस एका हिंवाळ्यावरून दोषी ठरवूं नये.

आमच्या विद्यार्थिमित्रांस एवढेंच सुचवितों : एका वहींत रोजचीं अंडीं, दाणा व पिसें गळण्याचे दिवस टिपून ठेवा. पुढील हिंवाळ्यांत निवाड्याची वेळ आली, तर ती वही आईवडिलांपुढें ठेवा.