रात्रपाळी, सायकल आणि थंडी

निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली उतरला की रात्रपाळी सुटलेले कामगार दोन-दोन स्वेटर चढवून सायकलवर निघतात. माझ्या मते इथेच गल्लत होते. वारा पडलेला असला तरी ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला तेवढाच वारा समोरून लागतो, आणि लोकरीतून तो आरपार जातो. शिवाय चढावर घामाने बनियन भिजते, मग उतारावर हुडहुडी भरते. म्हणून स्वेटर एकच घालावा, वर विंडचीटर. चढावर त्याची चेन थोडी उघडावी. विंडचीटर नसेल तर शर्टाच्या आत छातीवर जुने वर्तमानपत्र ठेवावे. हसू नका, फ्रान्समधील मोठ्या शर्यतीतले सायकलपटूही घाट उतरताना हेच करीत आले. नाकातोंडावर मफलर घेतल्यास दमेकऱ्यांना त्रास कमी होतो. (त्याची टोके मात्र खोचून घ्या, चाकात जातात.)

‘थोडी घेतली की ऊब येते’ हा समज घातक आहे. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या पसरतात, अंग गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. आणि चाळिशीनंतर चढावर छाती दाटून आली तर ‘गॅस’ म्हणून पायडल मारीत राहू नका. उतरा, बसा. पाचेक मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करा; थांबले तरी सकाळी ईसीजी काढून घ्या.