विश्लेषण : ग्रंथपालाची पदवी मिळाली, पण काम येते का हे कोण तपासणार?

महाविद्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या ग्रंथपालाला आज पुस्तकांच्या कपाटांइतकाच वेळ संगणकासमोर द्यावा लागतो. ‘कोहा’सारखी प्रणाली चालवणे, ई-जर्नल्स पाहणे, प्रबंधातील वाङ्मयचौर्य तपासणे, प्रबंध ‘शोधगंगा’वर चढवणे ही रोजची कामे. यातले किती बी.लिब., एम.लिब. करताना हाताखालून जाते? उत्तर विद्यापीठागणिक बदलते.

नेमका फरक काय?

अभ्यासक्रम सांगतो, काय शिकवले. क्षमता-मानक सांगते, विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे. ‘ड्युई दशांश वर्गीकरणाची ओळख’ हा झाला अभ्यासक्रम. ‘समोर ठेवलेल्या पुस्तकाचा वर्गांक देऊन त्याची तालिकेत नोंद करता येणे’ ही क्षमता.

इतरत्र काय होते?

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००९ मध्ये ग्रंथपालांच्या मूलभूत क्षमतांची यादी स्वीकारली, पुढे ती सुधारलीही. हीच संघटना पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि नोकरीच्या अनेक जाहिरातींत त्या मान्यतेची अट असते. ब्रिटनमध्ये ‘सिलिप’ ही संघटना स्वतःच्या ज्ञान-कौशल्य चौकटीवर अभ्यासक्रम पारखते.

आपल्याकडे काय?

सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९११ मध्ये ग्रंथालय प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, तो संस्थानातील ग्रंथालये चालवायला माणसे हवी होती म्हणून. आधी काम, मग अभ्यासक्रम. पुढे हा क्रम उलटला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये आदर्श अभ्यासक्रम दिला. मात्र वकील, वास्तुविशारद यांच्यासारखी वैधानिक परिषद ग्रंथपालांना नाही. नेट-सेटमध्ये वस्तुनिष्ठ प्रश्न असतात. उमेदवाराला प्रत्यक्ष नोंद करता येते का, हे तिथे कळत नाही.

मग करायचे काय?

परिषदेची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक विभागाने एक तक्ता करावा. डावीकडे क्षमता, उजवीकडे ती शिकवणारा विषय आणि तपासणारे प्रात्यक्षिक. जो रकाना रिकामा राहील, तिथे अभ्यासक्रम कमी पडतो. हा तक्ता प्रवेशाआधी संकेतस्थळावर टाकावा. ‘कोहा’ मोफत मिळते, त्यामुळे सरावासाठी सॉफ्टवेअरचा खर्च नाही.

पदवीचे रूपांतर सॉफ्टवेअर क्लासमध्ये होईल, ही भीती रास्त आहे. आजची प्रणाली उद्या बदलेल. पण वाचकाचा वेळ वाचवा, हे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सूत्र म्हणून मांडले होते. वाचकाला नेमके काय हवे ते ओळखणे हीदेखील क्षमताच आहे आणि ती यादीत वरच असायला हवी.

तक्ता न करण्याची किंमत विद्यापीठ मोजत नाही. ती मोजतो फी भरून पदवी घेतलेला आणि पहिल्याच नोकरीत अडखळणारा तरुण. आणि हवा तो संदर्भ न मिळाल्याने रिकाम्या हाताने परतणारा विद्यार्थी.