आधी आकडे बघा

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. निमित्त नातीच्या फोनचं.

गावचं घर पाडायचं ठरलं तेव्हा नातीने ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्याने घराचा अख्खा एक ब्लॅक अँड व्हाइट रोल काढला. पुण्यात खोलीवर स्वतःच धुतला. रोल निघाला कोरा, काचेसारखा! रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजी, आजोबांचा कॅमेरा गेला गं. आता ठेवून काय उपयोग?"

मी विचारलं, "फिल्मच्या कडेला आकडे दिसतायत का?"

"नाही. काहीच नाही."

"मग कॅमेऱ्याला बोल लावू नकोस."

१९७६ साली आम्ही मोरीच्या खिडकीला काळं कापड लावून रोल धुवायचो, तेव्हा ह्यांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. कडेचे आकडे कॅमेरा काढत नाही. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि डेव्हलपर मिळाला की काळे होतात. आकडे ठळक पण फोटो नाहीत, तर चूक फोटो काढतानाची. बहुधा रोल पुढे सरकलेलाच नसतो. आकडेच नाहीत, तर चूक धुतानाची. नातीच्या दोन्ही बाटल्या सारख्याच होत्या. आधी हायपो गेला. त्याने फिल्मवरचं सगळं धुऊन नेलं, मग डेव्हलपर काळं करणार कशाला?

आकडे आणि फोटो दोन्ही फिके असले तर डेव्हलपर जुना, थंड किंवा वेळ कमी. दोन्ही जास्तच काळे असले तर उलट. तक्त्यातली वेळ साधारण २० अंशांची असते आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच त्याहून कितीतरी गरम! बाटल्या बर्फाच्या पाण्यात उभ्या करायच्या. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही. फिल्म दुधाळ दिसली तर मात्र घाबरू नका, हायपो अपुरा पडलाय. ताज्या हायपोत पुन्हा बुडवा, स्वच्छ होते.

इतकी वर्षं वह्या तपासल्या. उत्तर चुकलं की मुलं पेनापासून बाईंपर्यंत सगळ्यांना दोष देतात, फक्त चुकलेली पायरी शोधत नाहीत. मोठी माणसंही तशीच. एक रोल बिघडला की फिल्म, औषध, कॅमेरा सगळं एकदम बदलतात. मग पुढचा रोल चांगला आला तरी कशामुळे आला ते कळतच नाही. माझं मत स्पष्ट आहे : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा.

घराचे ते फोटो परत येणार नाहीत, हे मी नातीपासून लपवलं नाही. घरही आता पडलंय. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे कॅमेरा चांगला आहे ना?"

परवा तिने दुसरा रोल धुतला. आकडे ठळक आले, फोटोही आले. एकात मी आहे, डोळे मिटलेली. ती चूक मात्र माझी!