सरकतं छप्पर कुणाच्या डोक्यावर?

विम्बल्डनच्या सेंटर कोर्टावर 2009 साली सरकतं छप्पर बसलं. पाऊस आला की दहा मिनिटांत आभाळ बंद! हिरवळ कोरडी, खेळाडू कोरडे, बघणारे साहेब कोरडे.

मी गोदीतला माणूस. मला याचं नवल नाय. सर आली की जहाजाच्या हॅचवर झाकण सरकतं. साखर भिजता कामा नये! हमाल भिजला तर कुणाच्या बापाचं काय जातंय? झाकण कशावर घालायचं हे पाऊस ठरवत नाय, मालक ठरवतो.

आता महाड-पोलादपूरकडे या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कबड्डी पोरांच्या रक्तात, पण मैदान मातीचं. चिखल झाला की सराव बंद. 2014 पासून प्रो कबड्डी मात्र शहरात, छपराखाली, मॅटवर. खेळ आमचा, छप्पर त्यांचं!

आणि 22 जुलै 2021? तळियेवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे, साखर सुतारवाडी. त्याआधी 2005 ला जुई, दासगाव. तेव्हा कुणी बटण दाबलं?

आम्हाला सरकतं नको, कायमचं पाहिजे. दरडीपासून लांब, पुराच्या वर, गावोगाव खांब-पत्र्याची पक्की शेड. एरवी कबड्डी, अतिवृष्टीच्या रात्री निवारा. तिच्यावर गावकीची मालकी नको, बौद्धवाडीचा पाय पहिला पडला पाहिजे.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी हा हक्क होता. पाण्यापासून आडोसा हाही हक्कच. दोस्तांनो, अर्ज पुरे झाले. तहसीलवर चला!