झऱ्यात पाय घालू नका

श्रीरामपूरहून एका वाचकांचं पत्र आलं. सुट्टीत मुलांना घेऊन एका दिवसात उरकेल अशी सहल त्यांना हवी आहे. सकाळी गरम पाण्याचे झरे, दुपारनंतर डोंगरमाथ्यावरची गावं, आणि दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. इथवर ठीक. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘झरा असा सुचवा की मुलांना मनसोक्त डुंबता येईल.’ हे वाक्य काही आठवडाभर डोक्यातून जाईना.

आधी उत्तर देऊन टाकतो. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी घाट उतरून कोकणात जावं लागेल. पालघरमधल्या सातिवलीपासून वज्रेश्वरी, गणेशपुरी, महाडजवळचं सव, संगमेश्वर तालुक्यातली राजवाडी, तुरळ, आरवली असं करत राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत त्यांची रांग लागते. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढते, तिथं ते तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. आपला काळा कातळ ज्वालामुखीचा, म्हणून पाणी गरम, असं पुष्कळ जण समजतात. पण तो लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. आपल्याकडे अकोले तालुक्यात डोंगरावर जे झरे आहेत ते गार पाण्याचे.

आणि माझं म्हणणं या गार झऱ्यांबद्दलच आहे. वज्रेश्वरीची कुंडं अंघोळीसाठीच बांधलेली. तिथं लोक उतरतात, खांदे शेकून घेतात, त्यात कुणाचं काही जात नाही. तीच सवय घेऊन माणसं आता अकोल्याच्या डोंगरांत येतात. पाणी दिसलं की बूट काढायचे आणि उतरायचं. पण वाडीचा झरा म्हणजे वाडीचा पाणवठा. त्यावर स्वयंपाक होतो.

मागच्या मे महिन्यात हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या एका वाडीत गेलो होतो. उन्हाळ्यात मी तिकडे का जातो ते या सदराच्या वाचकांना माहीत आहे: पावसाळ्यात सगळेच डोंगर सुंदर दिसतात, खरे कळतात ते मे महिन्यात. वाडीखालच्या घळीत करवंदीच्या जाळीआड झरा होता. झरा म्हणजे कातळाच्या पायथ्याशी परातीएवढा खळगा. एक आजी उकिडव्या बसून वाटीनं पाणी उपसत होत्या. तळाचा गाळ ढवळू नये म्हणून वाटी आडवी, अगदी वरच्या वर फिरवायची. हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं, त्यावर वाटी रिकामी करायची. खळगा आटला की थांबायचं. कातळातून पाणी पाझरून पुन्हा वाटीत येण्याजोगं होईपर्यंत मागच्या बाया सावलीत बसून होत्या. एक हंडा भरायला अर्धा तास सहज गेला. मग चुंबळ डोक्यावर, चुंबळीवर हंडा, आणि उभी चढण.

एवढ्यात गडावरून उतरलेली कॉलेजची पोरं आली. पोरं वाईट नव्हती, उन्हानं भाजलेली होती. त्यातल्या एकानं थेट त्या खळग्याशी येऊन पायमोजे काढले. आजींनी आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, ‘‘पोरा, पाय नको घालू. आमची चूल हाये त्याच्यावर.’’ पोरगा खजील होऊन मागे सरला. आजींनीच मग त्याच्या ओंजळीत दोन वाट्या पाणी ओतलं.

हे पाणी इतकं थोडं का, हा प्रश्न कुणालाही पडावा. घाटघर, रतनवाडीला वर्षाला 5 हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नगर शहरात 600च्या आसपास. पण बसाल्टचा कातळ पाणी फारसं पीत नाही. वरची माती आणि भेगा भरल्या की उरलेलं सगळं ओढ्यांनी धावत खाली जातं. डोंगराच्या टोकावरच्या झऱ्याला आणखी वरून कुणी पाणी देणारं नसतं. त्या माथ्यात जेवढं मुरलं तेवढ्यावर त्याला जून गाठायचा असतो. होळीनंतर धार बारीक होत जाते.

वाहून गेलेलं पाणी कुठं जातं? रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेला भंडारदऱ्यात 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणानं अडवलं. तिथून ते कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला जातं. पत्रलेखकांच्या गावचा हिरवेपणा याच डोंगरांवरच्या पावसाचा आहे. त्यांच्या तालुक्याचा यात दोष काहीच नाही. पण ज्यांच्या डोंगराचं पाणी आपण वर्षभर वापरतो त्यांच्या उरल्यासुरल्या झऱ्यात आपण आपल्या पोरांना डुंबायला सोडू नये, एवढं तर कळायला हवं.

मे संपता संपता काजव्यांसाठी भंडारदऱ्याला गाड्यांची रीघ लागते. म्हणजे झरे सर्वांत बारीक असतात नेमके तेव्हाच पाहुणे सर्वांत जास्त. त्यातल्या काही जणांना मी पाणवठ्यावर साबण लावून तोंड धुताना पाहिलंय. हरिश्चंद्रगडावर मंदिराजवळची पुष्करणी एके काळी पिण्याजोगी होती, आज तिच्यातलं पाणी तोंडात घेववत नाही. वाडीचे झरे त्याच वाटेनं जाऊ देणार का?

त्या बायांनीच मला उपाय सांगितला. खळग्याला दगडी कठडा बांधून वर झाकण टाकायचं, भिंतीतून एक नळी बाहेर काढायची. तिच्याखाली हंडा लागेल. पाहुण्यांना बाटली भरायची तर तीही तिथंच भरता येईल, आत हात घालायला नको. सांडलेलं पाणी खालच्या डोणीत जनावरांना. दोन गाड्या दगड, थोडं सिमेंट आणि गावातलाच गवंडी, एवढंच काम आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात शिरताना नाक्यावर आपण प्रवेशशुल्क भरतो. त्या पैशातून पुढच्या काजव्यांच्या आधी प्रत्येक वाडीचा एक तरी झरा असा बांधून व्हावा. ग्रामसभेचा ठराव असेल तर मागणीला जोर येईल, आणि तो ठराव मांडायला त्या बाया तयार आहेत.